डिफेनेस्ट्रेट म्हणजे ग्रिल काढणं नव्हे हो!

आपल्या घोडबंदरच्या सोसायटी ग्रुपवर कालपासून फिरतंय की डिफेनेस्ट्रेट या इंग्रजी शब्दाचा अर्थ म्हणजे खिडकीचं ग्रिल काढणं, आणि कमिटीतले काका तर नोटिशीत हाच शब्द टाका म्हणतायत, अहो नको! लॅटिनमध्ये फेनेस्त्रा म्हणजे खिडकी हे बरोबर, पण अर्थ आहे माणसाला खिडकीतून बाहेर फेकणं. २३ मे १६१८ला प्रागच्या किल्ल्यात चिडलेल्या प्रोटेस्टंट सरदारांनी कॅथलिक बादशहाचे दोन अधिकारी आणि त्यांचा सेक्रेटरी असे तिघं खिडकीतून फेकले, तरी तिघंही जगले, कॅथलिक म्हणाले मेरीमातेची कृपा, विरोधक म्हणाले खाली उकिरडा होता. त्यातूनच तीस वर्षांचं युद्ध पेटलं. इंग्रजीत डिफेनेस्ट्रेशन हे नाम आधी आलं, डिफेनेस्ट्रेट हे क्रियापद नंतर. नोटिशीत आपलं सरळ 'ग्रिल काढा' लिहा.