काट्यावरच्या पोराचा विचार करू नका

भाऊ, सॉफ्टवेअरचं पॅकेज बनवायला बसलात ना, मग ते बसवणारा माणूस अगदी तुमच्यासारखाच आहे असं धरून चाला. एसीत बसलेला, इंग्रजी फाडफाड वाचणारा, वेळच वेळ असलेला. पांढरकवड्याकडच्या एखाद्या जिनिंगात वजनकाट्यावर बसून पावत्या काढणारं पोरगं तुमच्या हिशेबात येता कामा नये.

सर्व्हिस, म्हणजे मागं गुपचूप चालत राहणारा प्रोग्राम, बसवल्याबरोबर चालू करून टाका. डेबियन नावाच्या लिनक्सात असंच चालतं. फेडोरा या दुसऱ्या लिनक्सात बहुतेक सर्व्हिसा मालकानं सांगेपर्यंत गप बसतात, आळशी मेल्या. चालू करताना दार साऱ्या जगाला उघडं ठेवा, पासवर्डबिसवर्ड नंतर. 2017 च्या जानेवारीत मोंगोडीबी नावाच्या सॉफ्टवेअरवरचे हजारो उघडे डेटाबेस चोरांनी पुसले आणि खंडणीच्या चिठ्ठ्या ठेवल्या. पुढं 3.6 आवृत्तीपासून त्यांनी दार मुळातच लोटून घेतलं. भित्रे! आपल्याकडं वखरायला जाताना कोण कुलूप लावतं?

खरी मजा अपग्रेडात. जिनिंगाचा काटा जुना, म्हणून पोरानं कधीतरी सेटिंगच्या फायलीत बॉड रेट, म्हणजे काट्याकडून आकडे यायचा वेग, 9600 चा 2400 केलेला असतो. तुम्ही त्याची फाईल मुकाट्यानं पुसा, आपली ठेवा. दिवाळी उलटलेली, कापसाच्या बंड्या नि ट्रॅक्टर रस्त्यापर्यंत लागलेले, आणि स्क्रीनवर वजनाच्या जागी फुल्या-चौकोन.

"काहून रे बाबू, माह्या कापसाचं वजन कुठी गेलं?"

"अपडेट झालं ना काका."

यात डेबियनात पॅकेज बसवणारं डीपीकेजी तेवढं आडवं येतं. फाईल मालकानंही बदललेली आणि पॅकेजातही बदललेली दिसली, की ते थांबून विचारतं. नुसतं एंटर दाबलं तर मालकाचीच फाईल राहते, तुमची नवी फाईल 'डीपीकेजी-डिस्ट' असं शेपूट लावून शेजारी पडून राहते. केवढा अपमान! पण तोड आहे. ती फाईल कॉनफाईल, म्हणजे मालकाचे बदल जपायची सेटिंगची फाईल, म्हणून नोंदवूच नका, पोस्टइन्स्टमधून, म्हणजे पॅकेज बसवल्यावर चालणाऱ्या स्क्रिप्टमधून, स्वतःच लिहा. डेबियनच्या धोरणात हे बसत नाही, पण धोरण वाचतो कोण?

विचारायचंच असेल तर अर्धं काम झाल्यावर विचारा, म्हणजे उत्तर देईस्तोवर लाईन जाते. सकाळी मशीन सांगतं, मागचं काम अर्धवट आहे, आधी ते पुरं करा. बंड्या उभ्याच.

त्या पोरानं आता मॉनिटरच्या कडेला मार्करनं 2400 लिहून ठेवलंय. ते पुसायची सोय तुमच्या पॅकेजात अजून दिसत नाही. पुढच्या आवृत्तीत बघा जमलं तर.