खडूवाल्या चित्रकाराचा थाटात सत्कार कसा करावा

हाताशी म्युझियम असेल आणि प्रायोजक पटला असेल, तर पुढचं प्रदर्शन स्ट्रीट आर्टवाल्याचंच भरवा. सध्या चलती आहे. फक्त चित्रकार मेलेला निवडा. जिवंत माणूस येऊन तुमच्या भिंतीवर खरंच काहीतरी काढून जाईल, मग पुसायचं कोणी? परवा भाचीला घेऊन मी कीथ हॅरिंग या अमेरिकन चित्रकाराच्या प्रदर्शनाच्या उद्घाटनाला गेले होते. आयोजकांनी सगळं इतकं चोख पार पाडलं, की म्हटलं हे ज्ञान आपल्यापुरतं ठेवणं बरं नाही.

पत्रिका जाड, गुळगुळीत छापा. वर ‘कला सर्वांसाठी’, खाली ‘प्रवेश फक्त निमंत्रितांना’.

वेळ साडेपाचची द्या आणि पाहुणे साडेसातला आणा. मधल्या वेळात ऑनलाइन नाव नोंदवलेल्यांना फुटपाथवर उभं करा. स्ट्रीट आर्ट आहे ना, स्ट्रीटवरच बघा म्हणावं. रांगा दोन हव्यात: एक आमची, न हलणारी, दुसरी ‘या सर, या मॅडम’वाली, जिला रांग म्हणण्याचं कारणच नसतं. कोणी फोनवरचा कोड दाखवला तर ‘सिस्टीम डाऊन आहे’ म्हणायचं. आणि ज्याच्या नावाने हा लाल दोर बांधलाय, त्याने काय केलं होतं? १९८० ते १९८५ या काळात तो न्यूयॉर्कच्या सबवेत, म्हणजे भुयारी रेल्वेच्या स्टेशनांत, जाहिरातींच्या रिकाम्या चौकटींवर लावलेल्या काळ्या कागदावर पांढऱ्या खडूने चित्रं काढत फिरला. कधी कधी दिवसाला चाळीसेक. बघायला काय लागायचं? गाडीचं भाडं. कामावरून थकून येणारा माणूस, शाळेतली पोरं, झाडूवाला, सगळे उभ्या उभ्या बघायचे. पोलिसांनी त्याला धरलं, दंड केला, बेड्याही घातल्या. पुढे लोक ती चित्रं फाडून नेऊन विकायला लागले, तेव्हा त्याने ते काम थांबवलं. त्याच चित्रांच्या दारात आम्ही घामाने निथळत उभे, आणि गाडीतून उतरलेली कोणी बाई ‘हू इज धिस गाय?’ विचारत सरळ आत! पुढे हातभर अंतरावर एक जण कागद-पेन्सिल घेऊन येणाऱ्याजाणाऱ्यांचे चेहरे काढून देत बसला होता. त्याला सिक्युरिटीवाल्याने ‘पाहुणे येतायत, बाजूला हो’ म्हणून स्टूलसकट उठवला. आपल्याकडे १९९५ पासून मालमत्तेचं विद्रूपीकरण रोखणारा कायदा आहे, दादांच्या वाढदिवसाचा बॅनर त्याला दिसत नाही, पण हा स्टूलवाला मात्र सगळ्यांना दिसतो.

माहितीफलक मराठीत अजिबात नकोत. भिंत खराब होते.

लहान मुलं आलीच तर त्यांच्यावर डोळा ठेवा. भाची अकरा वर्षांची. भुंकणाऱ्या कुत्र्याच्या चित्रासमोर ती फरशीवर मांडी घालून बसली आणि पत्रिकेच्या कोऱ्या मागच्या बाजूवर तोच कुत्रा काढायला लागली. चौकोनी जबडा जमला होता, पुढचे पाय जरा मांजरासारखे झाले होते. तेवढ्यात गार्ड आला. “पेन अलाउड नहीं है.” पेन काढून घेतलं, वर “बेटा, इधर बैठने का नहीं” हेही ऐकवलं. चित्राला शाई लागू नये म्हणून पेनाला मनाई असते, मान्य. मग पेन्सिल द्या ना! एक डबा ठेवा दारात, चार कागद ठेवा. याच हॅरिंगने १९८९ मध्ये शिकागोत सुमारे ५०० शाळकरी मुलांना हाताशी धरून लांबलचक भित्तिचित्र रंगवलं होतं. ५००! तुम्हाला एक पोरगी झेपेना.

दीपप्रज्वलन एसीच्या झोताखालीच ठेवा. वात विझते, मग एसी बंद करतात, मग सगळे पत्रिकेने वारा घेतात. वेळ छान जातो.

दुकान दाराशीच हवं. हॅरिंगने १९८६ मध्ये न्यूयॉर्कमध्ये पॉप शॉप काढलं ते ज्यांना चित्र परवडत नाही त्यांना निदान बिल्ला, टी-शर्ट घेता यावा म्हणून. तुम्ही किंमत अशी ठेवा की घेणाऱ्याला चित्रच स्वस्त वाटावं.

आता भाषणं. वक्ते भरपूर बोलवा, आणि ‘ऊर्जा’, ‘रंगांचा उत्सव’, ‘तरुणाईचा आवाज’ हे सगळ्यांच्या तोंडी येऊ द्या. ‘अल्पवयात झालेलं अकाली निधन’ म्हणून पुढे सरकायचं. कशाने झालं ते विचारायचं नाही. सत्काराची शाल आली की सगळं झाकलं जातं. व्यासपीठाच्या बरोबर मागे १९८९ चं पोस्टर होतं: तीन आकृत्या, एकीने डोळे झाकलेत, एकीने कान, एकीने तोंड. त्यावर लिहिलंय की अज्ञान म्हणजे भीती, मौन म्हणजे मृत्यू. आणि त्याच्यापुढे उभं राहून एकापाठोपाठ एक सगळे वक्ते...

नाही, आता पुरे झाली थट्टा. कीथ हॅरिंग १६ फेब्रुवारी १९९० ला गेला, एकतीस वर्षांचा होता, आणि तो एड्सने गेला. तो समलैंगिक होता. हे त्याने लपवलं नाही. आजार कळल्यावर उघडपणे मुलाखत दिली, १९८९ मध्ये आपल्या नावाची संस्था काढली, ती एड्सवर काम करणाऱ्यांसाठी आणि मुलांसाठी. शेवटची दोन वर्षं तो हेच ओरडून सांगत होता, की बोला, गप्प बसू नका. आणि तुम्ही त्याचीच चित्रं टांगून, त्याच पोस्टरला पाठ लावून, एड्स हा शब्द एकदाही काढला नाहीत! या शहरात मुंबई जिल्हा एड्स नियंत्रण संस्था आहे, वडाळ्यात आहे, तिथलं एखादं माणूस बोलवायचं सुचलं नाही? कशाची लाज वाटली? प्रायोजक नाराज होईल म्हणून? लाज वाटायचीच असेल तर दारातल्या त्या रांगेची वाटू दे.

बोलायला जीभ उचलत नसेल तर हॅरिंगच्या वाट्याला जाऊ नका. कोकणातली निसर्गचित्रं भरवा. होड्या, माड, सूर्यास्त. त्यांच्यापुढे हवी तेवढी ‘ऊर्जा’ बोला, शाली घ्या, जेवून घरी जा.