कोलाडला जुलैतच जायचं, हे कुणी ठरवलं?

पावसाचे ढग दिसले की एक मेसेज फिरायला लागतो: ‘कोलाडचं राफ्टिंग फक्त जुलै-ऑगस्टमध्ये, बाकी वेळ नदी आटलेली. दुपारपर्यंत निवांत पोहोचा. ग्रेड दोन-तीनच असतो, पोहता येत असेल तर जॅकेट नावापुरतं.’ तीन वाक्यं, तिन्ही चुकीची.

नदी आटण्याचं म्हणाल, तर सह्याद्रीतल्या बहुतेक नद्यांच्या बाबतीत ते खरंच आहे. मार्चपर्यंत पात्रात दगड आणि डबकी उरतात. कोलाडची कुंडलिका नदी याला अपवाद, कारण राफ्ट ज्यावर चालते ते पाणी मुळात तिचं नाहीच. ते मुळा नदीचं. एरवी भीमेतून बंगालच्या उपसागराकडे गेलं असतं ते पाणी मुळशी धरणात अडवून, बोगदा आणि पाइपांमधून सुमारे ५०० मीटर खाली भिऱ्याच्या वीजकेंद्रात उतरवतात. टाटांचं हे केंद्र १९२७ पासूनचं. वीज झाली की बाहेर पडणारं पाणी, म्हणजे अवजल, कुंडलिकेत. याच धरणाविरुद्ध सेनापती बापटांच्या नेतृत्वाखाली मुळशीचा सत्याग्रह झाला होता (१९२१-२४). राफ्टिंगच्या जाहिरातींत हे कुठे सापडायचं नाही. तर मुद्दा असा, की वीजकेंद्र चालू असलं की ऐन मे महिन्यातही वल्हं मारण्याइतकं पाणी मिळतं.

आता ‘दुपारपर्यंत निवांत’. विसर्ग विजेच्या गणितावर ठरतो, आपल्या नाश्त्यावर नाही. पाणी सहसा सकाळी सुटतं आणि राफ्टी त्याच पाण्याबरोबर बारा-चौदा किलोमीटर खाली जातात. ते हुकलं की दिवस गेला. मुक्काम आदल्या रात्री करावा आणि दुसऱ्या दिवशीच्या विसर्गाची वेळ संध्याकाळीच फोन करून विचारावी.

पावसाळ्यात तिथे राफ्टिंग होतं, आणि हिरव्यागार डोंगरांमधून जाण्याची मजा वेगळीच, हे कबूल. पण अवजल बंद करता येतं. ताम्हिणीच्या पावसाला कोण बंद करणार? जोराचा पाऊस लागला की खाली रोह्यात कुंडलिका इशारा पातळी गाठते, त्या बातम्या आपण वाचतोच. अशा दिवशी आयोजक नाही म्हणाला तर हुज्जत घालू नये. आणि हो म्हणाला तर त्याच्याबद्दल जरा विचार करावा.

ग्रेडचंही तेच. रॅपिड, म्हणजे नदीतला खळाळता टप्पा, किती अवघड याची १ ते ६ ही मोजपट्टी, पण रॅपिडचा ग्रेड पाण्याच्या पातळीनुसार बदलतो. काठावरची झाडं पाण्यात आली की फांद्यांतून पाणी आरपार जातं, माणूस अडकतो. तिथे स्विमिंग पूलमधली शंभर मीटरची ऐट चालत नाही. फेसाळ पाण्यात हवा इतकी मिसळलेली असते की नेहमीसारखं तरंगताच येत नाही. जॅकेट लागतं ते त्यासाठी. तेही खांद्याला धरून वर ओढलं तर नाकापर्यंत न सरकणारं, पट्टे घट्ट आवळलेलं. दगडांसाठी हेल्मेट वेगळं.

शिवाय पट्टीच्या पोहणाऱ्याला पाण्यात पडल्यावर पहिली इच्छा होते ती उभं राहण्याची. नेमकं तेच करायचं नाही. पाय दोन दगडांत अडकला, की गुडघाभर किंवा कमरेएवढ्या पाण्याचा रेटाही माणसाला आडवा करून खाली दाबतो. पाठीवर झोपायचं, पाय पुढे आणि वर, तळवे प्रवाहाच्या दिशेने, आणि गाईड दोरीची पिशवी फेकेल तेव्हा पिशवी नव्हे, दोरी पकडायची. निघण्याआधी हे सगळं काठावर करून दाखवत नसतील, तर पैसे परत मागा.