विश्वासात टिकून राहण्याविषयी आपण घेतलेल्या आक्षेपांना उत्तर

सप्रेम नमस्कार.

संकटात आणि विरोधात देवाशी एकनिष्ठ राहण्याविषयी मी जे लिहिले, त्यावरील आपली प्रतिक्रिया मी पुन्हा पुन्हा वाचली. आपले म्हणणे थोडक्यात असे आहे : दुःखाने पिचलेल्या माणसाला ‘टिकून राहा’ असे सांगणे म्हणजे त्याचे तोंड बंद करणे होय, देव आपल्या लोकांना सांभाळतो हे खरे असेल, तर त्याचे निष्ठावंत लोक मारले का जातात याचा खुलासा मी केलेला नाही, आणि जे खचतात त्यांच्या पदरी मंडळीकडून, म्हणजे चर्चकडून, दोषाखेरीज काही पडत नाही. आपल्या नात्यातील एका स्त्रीने मूल गेल्यानंतर उपासनेला येणे सोडले आणि तिला ‘तुझाच विश्वास कमी पडला’ असे ऐकवण्यात आले, हेही आपण लिहिले आहे. उत्तराची सुरुवात तिच्यापासूनच केली पाहिजे.

तिला जे ऐकवले गेले ते पवित्र शास्त्रातील ईयोब या नीतिमान माणसाच्या मित्रांचे बोलणे आहे. ईयोबाची मुले गेली, गुरेढोरे गेली, अंगभर गळवे आली, तेव्हा ते मित्र सात दिवस आणि सात रात्री त्याच्याजवळ जमिनीवर मुकाट्याने बसून राहिले, आणि तेवढेच त्यांचे काम चोख झाले. तोंड उघडल्यावर त्यांनी देवाची बाजू राखण्याच्या नादात ईयोबावरच पापाचा ठपका ठेवला. ईयोबाने आपल्या जन्मदिवसाला शाप दिला, देवाने माझ्यावर अन्याय केला असेही तो उघड म्हणाला. तरीही ईयोबाच्या ग्रंथाच्या शेवटी देवाचा राग भडकतो तो मित्रांवर, आणि ‘तुम्ही माझ्याविषयी माझा सेवक ईयोब याच्यासारखे यथार्थ बोलला नाहीत’ असा निवाडा मिळतो. पवित्र शास्त्रातील स्तोत्रसंहितेचे 88 वे स्तोत्रही असेच आहे. त्यात शेवटी दिलाशाची एकही ओळ येत नाही, ते अंधारावरच संपते. पण पहिल्या शब्दापासून ते बोलत असते परमेश्वराशीच. एकनिष्ठ राहणे याचा अर्थ मी असा घेतो, की माणसाने आपली तक्रारसुद्धा देवाकडेच न्यावी. तक्रार करूच नये, अशी अट पवित्र शास्त्राने घातलेली नाही.

‘देव सहन होण्यापलीकडचे दुःख देत नाही’ असे सांत्वन तिला अनेकांनी केले असेल. करिंथकरांस लिहिलेल्या पहिल्या पत्रातील ते वचन मोहात पडण्याविषयीचे आहे. दुःखाच्या वजनाविषयी ते पत्र लिहिणारा प्रेषित पौल त्यांनाच लिहिलेल्या दुसऱ्या पत्राच्या आरंभी सांगतो, की आशिया प्रांतात आम्ही शक्तीपलीकडे दडपले गेलो आणि जगण्याचीही आशा उरली नाही. ही दोन वचने एकत्र वाचली जात नाहीत याचे मला फार वाईट वाटते.

अन्याय मुकाट्याने सोसावा, असा अर्थ माझ्या लिहिण्यातून निघतो असे आपल्याला वाटले. फिलिप्पै शहरात पौल आणि त्याचा सोबती सिलास यांना चौकशीविना जाहीरपणे छड्या मारून तुरुंगात टाकले, आणि दुसऱ्या दिवशी अधिकाऱ्यांनी त्यांना गुपचूप सोडून देण्याचा निरोप धाडला. पौल हटला नाही. आम्ही रोमन नागरिक आहोत, आम्हाला उघडपणे मारले, आता त्यांनी स्वतः येऊन आम्हाला बाहेर न्यावे, असे त्याने बजावले आणि त्यांना यावे लागले. एका गावात छळ झाला तर दुसऱ्या गावात पळून जा, असे खुद्द प्रभू येशूने शिष्यांना सांगितले आहे. म्हणून ज्या घरात मारहाण होते त्या घरातील स्त्रीला ‘हा तुझा वधस्तंभ आहे, तो वाहा’ असे सांगणारा माणूस देवाच्या नावाने मारणाऱ्याला आसरा देत असतो, हे मी कोणतीही पळवाट न ठेवता म्हणतो.

आता आपला सर्वांत अवघड प्रश्न. नव्या करारातील ‘प्रेषितांची कृत्ये’ या पुस्तकाचा 12 वा अध्याय आपण शांतपणे वाचावा, अशी माझी विनंती आहे. हेरोद राजा येशूचा शिष्य, योहानाचा भाऊ याकोब याला तलवारीने मारतो, आणि ती घटना एका वाक्यात आटोपते. लगेच दुसरा शिष्य पेत्र धरला जातो. सोळा शिपायांचा पहारा, दोन्ही बाजूंना एकेक शिपाई, दोन साखळ्या. आणि मंडळी आग्रहाने प्रार्थना करत असते. रात्री देवदूत त्याला सोडवतो. तो मरीयेच्या घराचे दार ठोठावतो, तेव्हा रुदा नावाची मुलगी आनंदाच्या भरात दार न उघडताच आत धावते, आणि त्याच्याचसाठी प्रार्थना करणारे लोक तिला वेड्यात काढतात. सुटका झाली त्या रात्री विश्वासाची ही अवस्था होती. मग याकोब कमी विश्वासाचा म्हणून मारला गेला, असे कोणत्या तोंडाने म्हणावे? इब्री लोकांस लिहिलेल्या पत्राच्या 11 व्या अध्यायातही विश्वासाने तलवारीच्या धारेपासून वाचलेले आणि विश्वासानेच तलवारीने मेलेले असे दोघेही एकाच यादीत बसतात. याकोब का आणि पेत्र का नाही, याचे कारण शास्त्र देत नाही, आणि ते मीही रचून देणार नाही.

मग टिकायचे कशाच्या आधारावर? त्या रात्री सुटलेला पेत्रही पुढे विश्वासासाठी मारला गेला, अशी मंडळीची अगदी जुनी परंपरा आहे. म्हणजे तुरुंगातून झालेली ती सुटका काही वर्षांची सवलत होती. देवाचे वचन तिच्यावर उभे नव्हते. धरले जाण्याआधी गेथशेमाने बागेत प्रभू येशूने दुःखाचा प्याला टळावा म्हणून तीनदा प्रार्थना केली, आणि तो टळला नाही. ‘माझ्या देवा, माझ्या देवा, तू माझा त्याग का केला?’ हा त्याचा आक्रोश वधस्तंभावरून उठला. पित्याने त्याला मरणापासून वाचवले नाही, मेलेल्यांतून उठवले. ख्रिस्ती माणसाची आशा या पुनरुत्थानावर आहे, आणि ते खरे नसेल तर आपला आक्षेप पूर्णपणे योग्य आहे; पौलानेही तसेच लिहिले आहे, की ख्रिस्त उठला नसेल तर आपला विश्वास व्यर्थ आहे. येथे आपले आणि माझे मतभेद राहतील. ते मी लपवत नाही. मात्र दानीएलाच्या ग्रंथात, मूर्तीपुढे न वाकल्यास जळत्या भट्टीत टाकीन असे धमकावणाऱ्या राजासमोर उभे राहून ‘आमचा देव आम्हांला सोडवील, आणि न सोडवले तरी आम्ही मूर्तीपुढे वाकणार नाही’ असे म्हणणारे शद्रख, मेशख आणि अबेद्‌नगो मला फसलेले वाटत नाहीत, कारण न सोडवले जाण्याची शक्यता त्यांनी भट्टीत पडण्याआधीच गृहीत धरली होती.

खचणाऱ्यांविषयी आपण लिहिले ते मला सर्वांत जास्त लागले. इ. स. 250 च्या सुमारास रोमन सम्राट डेसियस याने प्रत्येकाने देवतांना अर्पण करून तसा दाखला घ्यावा असा हुकूम काढला. इजिप्तमध्ये सापडलेल्या अशा दाखल्यांत ठरावीक मजकूर आढळतो : मी देवतांना नेहमीच अर्पणे करत आलो आहे, आताही तुमच्यादेखत पेयार्पण केले, बळी दिला आणि त्यातले चाखले. अनेक ख्रिस्ती लोक भीतीने वाकले, काहींनी पैसे देऊन नुसता दाखला मिळवला. छळ ओसरल्यावर ते रडत परत आले, तेव्हा रोमच्या मंडळीतील नोवेशियन नावाचा पाळक आणि त्याचे अनुयायी म्हणाले की अशांना मंडळीचे दार कायमचे बंद. कार्थेजचा बिशप सिप्रियन याने पश्चात्तापाचा काळ ठरवून त्यांना परत घेण्याची वाट काढली, आणि मंडळीने ती स्वीकारली. हा सिप्रियन त्या छळात स्वतः लपून राहिला होता, त्याबद्दल त्याने बोलही खाल्ले होते. पुढच्या छळात, 258 साली, तो शिरच्छेदाला सामोरा गेला. त्याच माणसाने खचलेल्यांसाठी दार उघडे ठेवले, याला माझ्या दृष्टीने मोठे मोल आहे.

आपल्या नात्यातील त्या भगिनीने तर कोणत्याही देवतेला अर्पण केलेले नाही. तिने फक्त उपासनेला येणे थांबवले आहे, आणि तेवढ्यावरून तिने देवाला सोडले असे मी म्हणणार नाही. यिर्मया संदेष्ट्याला चिखलाच्या विहिरीत सोडले होते, तेव्हा एबद-मलेख नावाच्या कूशी (कूश देशाच्या) माणसाने नुसते दोर टाकले नाहीत. राजवाड्याच्या कोठारातून जुन्या चिंध्या आणून त्या त्याने खाली सोडल्या, आणि दोर काचू नयेत म्हणून त्या काखेत धरायला सांगितल्या. तिच्या मंडळीतील लोकांनी तिच्याकडे जायचे असेल तर इतका विचार करून जावे, ‘विश्वास कमी पडला’ हे शब्द आधी तिच्यासमोर मागे घ्यावेत, आणि ती पुन्हा उपासनेला कधी येणार हे पहिल्या भेटीत विचारू नये. आपण तिच्या जवळच्या आहात. तिला चालणार असेल, तर 88 वे स्तोत्र तिच्यासोबत आपणच वाचावे.