भाऊसाहेबांची राहून गेलेली यात्रा

नमस्कार. ‘हरियाणावर मराठीत लिहायचं आणि पानिपत चार ओळींत उरकून थानेसर-पेहोव्याच्या तीर्थांवर पानं भरायची, हे पटलं नाही,’ असं तुम्ही माझ्या लिखाणाबद्दल लिहिलंत. तुमचा राग कळतो. पानिपतला जागा कमी पडली हे मान्य. थानेसर-पेहोव्याला जास्त दिली हे मात्र मान्य नाही.

मराठी फौजेचे सेनापती सदाशिवराव भाऊसाहेब पानिपतावर अडकले कसे ते बघा. १७ ऑक्टोबर १७६० रोजी त्यांनी कर्नालजवळचं कुंजपुरा जिंकलं. दत्ताजी शिंद्यांचं शिर कापणारा कुतुबशहा तिथेच हाती लागला. मग फौज लगेच दिल्लीकडे वळली नाही, उत्तरेला कुरुक्षेत्राच्या वाटेला लागली. सोबत बायकामाणसं होती, यात्रेकरू होते, आणि कुरुक्षेत्राचं स्नान म्हणजे जन्माचं पुण्य. तरावडीला मुक्काम असताना खबर आली की अब्दाली बागपतला यमुना उतरून अलीकडे आला. बागपत पानिपताच्या दक्षिणेला. म्हणजे दिल्लीची वाटच तुटली. फौज माघारी फिरली ती पानिपतावर येऊन थांबली, आणि १४ जानेवारी १७६१च्या लढाईपर्यंत तिथून हलली नाही. कुरुक्षेत्र एखाद्या मजलेवर राहून गेलं. हे वाचताना मला दर वेळी गलबलून येतं. तीर्थ वगळून ही लढाई सांगायची कशी? (तरावडी म्हणजे पृथ्वीराज चौहानाचं तराईन, ११९१ आणि ११९२चं.)

थानेसर म्हणजे कुरुक्षेत्राचंच जुनं गाव, हर्षवर्धनाच्या घराण्याची राजधानी. बदामीच्या पुलकेशीनं ज्याला अडवलं, तोच हा हर्ष.

पेहोव्याला तुम्ही ‘श्राद्धाचं गाव’ म्हणून बाजूला सारलंत. सरस्वतीच्या काठी आजही तिथे पिंडदान होतं, खरंच आहे. पण तिथला प्रतिहार राजा भोजाच्या काळातला, इ.स. ८८२च्या सुमाराचा शिलालेख घोड्यांच्या बाजाराबद्दल बोलतो. ठिकठिकाणांहून आलेले व्यापारी आपसांत ठरवतात, की घोड्यांच्या खरेदी-विक्रीमागे ठरावीक रक्कम देवळांना द्यायची. ती देवळंही एकट्या पेहोव्याची नाहीत, दूर कनौजचीसुद्धा आहेत. तीर्थ आणि बाजार एकाच काठावर नांदत होते, आणि हे व्यापाऱ्यांनी दगडावर कोरून ठेवलं. मला हा लेख कुठल्याही विजयस्तंभाइतकाच मोलाचा वाटतो.

पानिपतावर स्वतंत्र लिहीन, हा शब्द देतो. तुम्ही पानिपतच्या लढाईच्या स्मारकाला, काला आंबला जाल तेव्हा तिथूनच परत फिरू नका. कर्नालच्या पुढे तरावडी लागते, तिच्या पुढे कुरुक्षेत्र. भाऊसाहेबांची राहिलेली मजल तेवढी पुरी करा.