न दुखणारी गाठ साधीच असते?

“गाठ दुखत नाही ना? मग ती चरबीची. म्हातारपणी तिला सुई लावू नका, कॅन्सर पसरतो. ऑपरेशनला गेलात तर पाय कापतील, आणि या वयात ते झेपायचंही नाही.” हा मजकूर सध्या घराघरात फिरतोय. त्यावर विसंबून कुणी आईवडिलांची गाठ तशीच राहू देऊ नये, म्हणून हे लिहितेय.

बहुतेक गाठी निरुपद्रवी असतात, हे खरंच. मऊ ऊतींचा सार्कोमा, म्हणजे स्नायू, चरबी अशा भागांत होणारा कॅन्सर, प्रौढांमधल्या एकूण कॅन्सरपैकी जेमतेम 1 टक्का. पण तोही सुरुवातीला सहसा दुखत नाही. म्हणून गाठ वाढतेय का, 5 सेंटिमीटरहून मोठी आहे का, खोल आहे का, ते बघा. मांडीवरची गाठ बोटांत धरून हलवा, मग मांडी आवळायला सांगा. मघाशी सरकणारी गाठ जागीच घट्ट झाली तर ती स्नायूत असू शकते. रक्त पातळ करणाऱ्या गोळ्या चालू असल्या की “पडल्यावर रक्त साकळलंय” म्हणत महिने जातात. साकळलेलं रक्त हळूहळू जिरतं. गाठ वाढतच असेल तर एमआरआय हवाच.

आता सुईचं. बायोप्सीत सुईने गाठीचा छोटा तुकडा काढून तपासतात. त्या सुईच्या वाटेत कॅन्सरच्या पेशी रुजणं फार क्वचित घडतं. शिवाय ती वाट पुढच्या छेदाच्या रेषेतच ठेवतात, म्हणजे गरज पडल्यास गाठीबरोबर काढता येते. नुकसान होतं ते तपासणीआधीच “चरबीची” म्हणून गाठ काढून टाकल्याने, आणि याची मला फार चीड येते. सार्कोमाभोवती खोटं कवच असतं. त्यामुळे गाठ सोलल्यासारखी सहज निघते, सगळे निर्धास्त होतात, पण पेशी आत राहिलेल्या असतात. मग पुन्हा ऑपरेशन, आधीपेक्षा मोठं.

पाय कापण्याचं म्हणाल, तर अमेरिकेच्या राष्ट्रीय कॅन्सर संस्थेतल्या 43 रुग्णांच्या चाचणीचे निष्कर्ष 1982 सालीच आले. अवयव कापलेले आणि गाठ काढून रेडिएशन दिलेले, दोन्ही गटांच्या एकूण जगण्यात फरक दिसला नाही. आज बहुतेकांचा हातपाय वाचतो.

वयाचा आकडा एकटा काहीच ठरवत नाही. माणूस किती चालतो, हृदय आणि मूत्रपिंडं कशी आहेत, खाणं अंगी लागतंय का, हे पाहून ऑपरेशनचं ठरतं.

आणि प्रत्येक गाठ कापावी लागते असंही नाही. उतारवयात खांद्याच्या पात्याखाली, कधी दोन्ही बाजूंना, इलास्टोफायब्रोमा नावाची साधी, कॅन्सर नसलेली गाठ होते. ती स्कॅनवर बहुधा ओळखू येते, आणि त्रास नसेल तर तशीच राहू देतात.