रूसोच्या नावावर काहीही खपवू नका

रविवारी माझ्या भाच्यानं माझ्या चष्म्याची काडी पिरगाळली. वय वर्षं चार. मी ‘नाही’ म्हणून चष्मा काढून घेतला, तर त्यानं घर डोक्यावर घेतलं. मंगळवारी वहिनीचा फॉरवर्ड आला, अठराव्या शतकातला तत्त्वज्ञ रूसो याच्या नावावर: ‘रूसोचे पाच विचार, प्रत्येक पालकानं वाचावेत’. खाली तिची ओळ, ‘ताई, सवडीनं वाचा.’ रोख कुणावर होता ते कळलं. हाच मजकूर याआधी सोसायटीच्या ग्रुपवरही फिरून गेलाय आणि तिथं सगळ्यांनी हात जोडलेत, म्हणून हा खटाटोप.

चौथा मुद्दा आधी घेते. वाकड्या चष्म्यामुळे चुकीचं वाचलं असं वाटून तो मी दोनदा वाचला. ‘पाच मुलांचा बाप असलेल्या रूसोनं आपली मुलं निसर्गाच्या कुशीत वाढवली.’ पाच मुलं झाली, एवढं खरं. पाचही त्यानं पॅरिसच्या अनाथालयात टाकली. आई तेरेझ नको नको म्हणत असताना. आत्मचरित्रात हे त्यानंच लिहून ठेवलंय. पहिल्या बाळाच्या वेळी एकाच खुणेची दोन कार्डं केली आणि एक त्याच्या दुपट्यात ठेवलं. दुसऱ्याच्या वेळी तेवढीही तसदी घेतली नाही. पुढे एका उमराव बाईनं शोध घ्यायचा प्रयत्न केला, हाती काही लागलं नाही. त्या काळी तिथली बहुतेक बाळं वर्षही काढत नसत. ही म्हणे निसर्गाची कूस!

आता दुसरा मुद्दा, ज्यासाठी हा फॉरवर्ड मला आला: ‘मुलाला नाही म्हणणं म्हणजे त्याच्या जन्मजात चांगुलपणावर घाव.’ मूल कसं वाढवावं यावरच्या रूसोच्या ‘एमील’ (1762) या ग्रंथाचा दुसरा भाग कुणी उघडून बघेल का? मूल दुःखी करायचा हमखास उपाय कोणता, असं विचारून रूसोच सांगतो: मागेल ते मिळायची सवय लावा. आज ते तुमच्या हातातली काठी मागेल, उद्या घड्याळ, मग उडणारा पक्षी, मग आकाशातला तारा. (चष्मा त्याच्या यादीत नाही, पण चालून जाईल.) ‘नाही’ उठसूट म्हणू नका, पण एकदा म्हटलंत की ते काशाच्या भिंतीसारखं असू द्या, असं त्याचं म्हणणं. पाच-सहा वेळा धडका मारून मूल आपोआप थांबतं. आणि खोलीच्या खिडकीची काच फोडली तर? लगेच नवी बसवू नका, रात्रंदिवस वारा लागू दे. वेडं होण्यापेक्षा पडसं बरं. तरी पुन्हा फोडलीच, तर बिनखिडकीच्या अंधाऱ्या खोलीत कोंडा. हे मी करा म्हणत नाही. पण ज्याच्या नावावर ‘नाही म्हणू नका’ खपवताय, तो हा माणूस.

नाइलाजानं एक कबूल करते. निर्मात्याच्या हातून सुटताना सगळं चांगलं असतं, माणसाच्या हाती पडलं की बिघडतं, ही ‘एमील’ची सुरुवातच आहे. बारा वर्षांपर्यंत मुलाला पुस्तकांपासून लांब ठेवा, असंही तो सांगतो. म्हणून फॉरवर्डमधला ‘शाळा नकोच’ हा मुद्दा अर्धा खरा. उरलेला अर्धा असा, की एमीलला, म्हणजे ग्रंथातल्या काल्पनिक मुलाला, शाळा नाही कारण त्याच्या मागे जन्मापासून लग्नापर्यंत एक पूर्णवेळ शिक्षक आहे, पडद्याआडून सगळं जुळवून आणणारा. वहिनी, ही नोकरी कोण करणार? आत्या?

फॉरवर्डमधलं ‘जंगलाकडे परत चला’ हे रूसो म्हणालाच नाही. विषमतेवरच्या 1755 च्या निबंधाच्या नवव्या टिपेत तो स्वतःच विचारतो: मग काय समाज मोडून जंगलात अस्वलांबरोबर राहायचं? आणि हा निष्कर्ष माझे विरोधकच काढतील, असा टोमणाही मारतो. त्याच वर्षी त्याच्या काळातला फ्रेंच लेखक व्हॉल्तेअर यानं पत्रातून त्याला चिडवलं, की तुमचं पुस्तक वाचून चार पायांवर चालावंसं वाटतं. लोकांनी रूसो सोडला आणि ती थट्टा लक्षात ठेवली.

फॉरवर्डमध्ये सतराव्या शतकातला इंग्रज तत्त्वज्ञ हॉब्जही आहे, ‘हॉब्ज म्हणतो माणूस जन्मतः दुष्ट’: हेही नाही. झोपताना दाराला कडी, घरातसुद्धा पेटीला कुलूप, हे तो दाखवतो खरा, पण लगेच सांगतो की यात मी माणसाच्या स्वभावाला दोष देत नाही. त्याचा मुद्दा वचक ठेवणारी सत्ता नसली तर काय होतं, हा आहे.

शेवटी व्हॉल्तेअरचं म्हणून ‘तुमचं मत पटत नसलं तरी ते मांडण्याच्या हक्कासाठी प्राण देईन’ हे वाक्य चिकटवलंय. ते एव्हलिन हॉल या इंग्रज लेखिकेचं, 1906 मधलं. व्हॉल्तेअर 1778 मध्येच गेला.